दीडशे की एकशे ऐंशी?

आमच्या घरी दिवाळी नसते, पण दिवाळी अंक असतो. आई तो मुंबईहून मागवते. बोटीने येणारं पार्सल डिसेंबरात पोचतं, तोवर आमचा हनुक्का, म्हणजे ज्यूंचा दिव्यांचा सण, आलेला असतो. मग आई एकीकडे दिवे लावते आणि दुसरीकडे करंज्यांच्या पाककृती वाचते. यंदा इथे इंग्लंडातल्याच मराठी मंडळींनी अंक काढायचं ठरवलं आणि संपादकबाईंचा मला फोन आला.

"तू दुकानात असतेस ना गं? लिही की काहीतरी अनुभव. साड्यांचं दुकान आहे का?"

"नाही. बंदुकांचं."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं लाइन गेली. मग त्या म्हणाल्या, "बरं. पण घरात सगळ्यांना वाचता येईल असं लिही हं."

तसंच लिहिते आहे. माझी शाळा भायखळ्याची, इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की सिस्टर डोळे वटारायच्या. त्यामुळे माझं मराठी घरातलं, त्यातही स्वयंपाकघरातलं. त्यात बंदुका बसवायच्या म्हणजे थोडी ओढाताण होणार.

नॉटिंगहॅमला आलो तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. पप्पा सायकलच्या कारखान्यात लागले, मी टायपिंग शिकले. नोकरीसाठी जिथे जावं तिथे शनिवारी यावं लागेल म्हणायचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी काम करत नाही. कोकणात आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ही सगळी हकिगत मी बंदुकांच्या दुकानाचे मालक मि. हॅलम यांना मुलाखतीतच सांगून टाकली. एरवी मी गप्प असते, पण घाबरले की नको तेवढी माहिती देते.

मि. हॅलमनी पाइप तोंडातून काढला. "शनिवारी इथे माणसं गप्पा मारायला येतात. सामान न्यायला येतात ती सोमवार ते शुक्रवार. शनिवारी माझी बायको बसेल, तिला गप्पा आवडतात. तुला आवडतात?"

"नाही."

"मग सोमवारी ये."

दुकान शहराबाहेर, बसने अर्ध्या तासावरच्या एका बाजारगावात. पुढच्या भागात मासेमारीचे गळ आणि रबरी बूट, मागे काचेच्या कपाटात बंदुका. फ्रीजमध्ये गळाला लावायच्या जिवंत अळ्या आणि त्यांच्या वरच्या कप्प्यात माझा डबा. गिऱ्हाइकं मला 'डक' म्हणायची. डक म्हणजे बदक. पहिल्या आठवड्यात मला वाटलं माझ्या चालण्यावर टोमणा आहे. मग एक दिवस पोस्टमनने मि. हॅलमनाही तीच हाक मारली आणि माझा जीव भांड्यात पडला. या भागात सगळेच एकमेकांची बदकं आहेत.

आता धंद्याचं थोडं. थ्री-नॉट-थ्री रायफल तुम्ही पाहिलेली आहे. आपल्याकडे ट्रेझरीच्या दारात हवालदार जी टेकवून उभा असतो, तीच. दोन महायुद्धं तिने काढली. मग इथे त्या ढिगाने विकायला निघाल्या. लोकांनी त्यांचं पुढचं लाकूड कापलं, जरा पॉलिश मारलं आणि हरणांच्या मागे निघाले. पेन्शनीत निघालेल्या शिपायाला ट्वीडचा कोट चढवावा, तसं ते दिसतं.

रायफल एकच, पण तिच्या काडतुसाच्या टोकाला जी गोळी असते ती वेगवेगळ्या वजनांची मिळते. लष्करी गोळीला कठीण कवच असतं. ती हरणातून आरपार निघून जाते आणि बिचारं हरीण जखम घेऊन रानभर हिंडतं. म्हणून ती फक्त कागदी निशाणावर सराव करायला. शिकारीच्या गोळीचं नाक मऊ, उघड्या शिशाचं. आत शिरली की फुलते आणि जनावर जागीच पडतं. वाचायला हे बरं वाटत नाही, मला कळतं. पण दुकानात मी पहिली गोष्ट शिकले ती ही, की चांगल्या शिकाऱ्याला नेम चुकण्याची लाज वाटत नाही, अर्धवट लागण्याची वाटते.

वजन मोजतात ग्रेनमध्ये. दीडशे ग्रेनची गोळी हलकी, टोकदार आणि वेगवान. हरीण लांब, उघड्यावर असेल तर चांगली. जवळून मारली तर मांसाचा खिमा. दोनशे पंधराची जड, बोथट नाकाची, संथ. दाट झाडीत जवळच्या अंतरावर खोल शिरते. एकशे ऐंशीची या दोघींच्या मधली. आणि गंमत अशी की एकशे ऐंशी ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा. हे मी आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"तोळाभर शिसं?" आई म्हणाली. "आणि ते उडवून टाकतात? परत सापडत नाही?"

"कधीकधी हरणात सापडतं."

"सोनाराकडे लागली असतीस तर संध्याकाळी निदान केर झाडून तरी आणला असतास."

आणखी एक गोष्ट. रायफलीला एका वजनाची सवय लावावी लागते. वजन बदललं की त्याच नेमाने मारलेली गोळी दुसरीकडे लागते, कधी चार बोटं वर, कधी वीतभर बाजूला. म्हणून एक वजन निवडायचं, त्यावर नेम जुळवून घ्यायचा आणि मग बदलायचं नाही. "लग्नासारखं," असं मि. हॅलम म्हणायचे. मिसेस हॅलम म्हणायच्या, "म्हणून तर जगातले नवरे इथे येऊन गोळ्या बदलतात."

कारण बदलायचे सगळेच. निदान बोलायचे तरी. दुकानात तीन पक्ष होते. मेजर रेन दीडशेवाले. निवृत्त, लालबुंद, वेगाचे भक्त. युद्धात रसद खात्यात होते, पण बोलणं असं की प्रत्येक लढाई गोळीच्या वेगाने जिंकली. मि. ओक्स खाटीक, ते एकशे ऐंशीवाले, कारण त्यांचा सगळा जीव मांसात. "दीडशेने मारलेलं हरीण माझ्याकडे आणू नका, त्याचं मी सॉसेजसुद्धा करू शकत नाही." आणि रानात राहणारी जुनी माणसं दोनशे पंधरावाली. ही गोळी तेव्हाच कमी यायला लागली होती, त्यामुळे तो पक्ष अल्पमतात होता आणि म्हणून सगळ्यांत कडवा.

मला कोणी मत विचारलं की मी म्हणायचे, "सर, अंतर किती? झाडी किती? आणि गेल्या वेळी कुठली वापरली होती?" एवढे तीन प्रश्न विचारले की माणूस स्वतःच बोलत राहतो आणि आपल्याला बोलावं लागत नाही. माझ्यासारखीला हा धंदा मानवला तो त्यामुळे. मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एकदा आपले एक डॉक्टर आले. इथल्याच हॉस्पिटलात, दादरचे. त्यांच्या साहेबांनी त्यांना स्कॉटलंडला शिकारीला बोलावलं होतं, रायफल साहेबच देणार होते. दुकानात कोणी नाही असं बघून ते काउंटरवर वाकले आणि मराठीत कुजबुजले, "हे बघ, यातली कुठली गोळी हरणाला लागत नाही?"

"डॉक्टर, ते गोळीवर नसतं. तुमच्यावर असतं."

"मग काळजी नाही," असं म्हणून ते एक लोकरीची टोपी घेऊन गेले.

आता मि. पॅलिस्टर. मला सांगायचं आहे ते त्यांचंच.

साठी ओलांडलेले, उंच, दुकानात शिरताना टोपी काढणारे. सैन्यात सार्जंट होते. युद्धानंतर जवळच्या एका मोठ्या एस्टेटवर रानरक्षक म्हणून लागले. तिथे हरणं फार. नवीन लावलेली झाडं खाऊन टाकतात. नोव्हेंबर लागला की काही माद्या मारून त्यांची संख्या आवाक्यात ठेवायची, हे त्यांचं काम. कामाबरोबर रानाच्या कडेला एक कॉटेज मिळालेली. इंग्लंडात अशी पद्धत आहे: नोकरी आहे तोवर घर, नोकरी गेली की घर गेलं. त्यांच्या बायकोला, एडनाला, कंबरेमुळे जिना चढता येत नव्हता. कॉटेज बैठी होती. मागे कोंबड्या होत्या, आणि एडनाने वीस वर्षं वाढवलेलं जर्दाळूचं झाड भिंतीच्या आधाराने पसरवलेलं होतं. हे झाड नॉटिंगहॅमशरमध्ये फळत नाही असं सगळे म्हणायचे. ते फळायचं.

आदल्या हिवाळ्यात मि. पॅलिस्टरकडून दोन माद्या अर्धवट जखमी झाल्या. दोन्ही वेळा ते कुत्रा घेऊन दिवसभर माग काढत फिरले, सापडेपर्यंत थांबले नाहीत. पण गोष्ट एस्टेटच्या मॅनेजरपर्यंत गेली. मॅनेजर मि. थॉर्न, पन्नाशीचे, केस व्यवस्थित बसवलेले, बोलायला गोड. ते स्वतः आमच्या दुकानात काडतुसं न्यायला यायचे. एकदा मी समोर असतानाच मि. हॅलमना म्हणाले, "पॅलिस्टर भला माणूस आहे. पण डोळे गेले की माणसाने ओळखावं. नोव्हेंबरात पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर उभा राहणार आहे. पुन्हा तसं झालं तर नाताळनंतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. कॉटेजही लागेल अर्थात."

अर्थात म्हणाले ते असं, जसं काही पावसाबरोबर छत्री.

मि. हॅलम म्हणाले, "डोळे? छे. त्याची गोळी चुकतेय."

तेव्हापासून पॅलिस्टरची गोळी हा दुकानाचा विषय झाला. दर शनिवारी संसद भरायची. मी नसायचे, पण सोमवारी फळीकडे बघून मला निकाल कळायचा. एका सोमवारी दोनशे पंधराचं खोकं कमी. म्हणजे जुना पक्ष जिंकला. पुढच्या सोमवारी दीडशेचं. मेजर. मग एकशे ऐंशीचं. ओक्स. मग पुन्हा दीडशेचं, पण वेगळ्या कंपनीचं. मिसेस हॅलम सांगायच्या, "बिचारा उभा असतो टोपी हातात घेऊन, आणि हे तिघे त्याच्या डोक्यावरून भांडतात. मग तो म्हणतो, बरं, हेही बघतो. आणि एक खोकं नेतो."

मला वाटलं, झालं, इथेच तर चूक आहे. हा माणूस दर आठवड्याला वजन बदलतोय आणि नेम जुन्याच वजनाचा ठेवतोय. एका शुक्रवारी धीर करून मी मि. हॅलमना म्हटलं, "सर, त्यांना एकच वजन द्यायला हवं ना? तुम्हीच म्हणता."

"हो," ते म्हणाले आणि पाइप भरत बसले. पाइप भरायला त्यांना एरवी इतका वेळ लागत नाही.

घरी आईचं शिवण चालू होतं. पेटीकोट, उशांचे अभ्रे, शेजारणीच्या पडद्यांना काठ. गेलं वर्षभर तिचं सुयांशी वैर होतं. "या इंग्लंडच्या सुया! नाक म्हणून ठेवलंय की नाही कोण जाणे. पुढच्या वेळी सात नंबर आण." सात आणला की "हा जाड आहे, नऊ आण." मग मुंबईहून मावशीकडून सुया मागवल्या, त्याही वाईट निघाल्या. पप्पा एकदा हळूच म्हणाले, "डोळे दाखवून ये एकदा." आई त्यांच्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, "माझे डोळे तुमच्या आईपेक्षा चांगले आहेत." आजीला वारून दहा वर्षं झाली होती.

त्या शुक्रवारी दिवे लावायच्या आधी आईने मला सुई ओवून मागितली. "माझे हात ओले आहेत," म्हणाली. हात कोरडे होते. मी सुई ओवली, आणि दोरा हातात धरून तशीच उभी राहिले. मि. हॅलमना पाइप भरायला इतका वेळ का लागला ते माझ्या लक्षात आलं.

सगळ्यांना माहीत होतं. मेजरना, ओक्सना, सगळ्यांना. ती माणसं तीन महिने दीडशे की एकशे ऐंशी यावर घसा कोरडा करत होती, ती त्या माणसाला दुसरा एक शब्द ऐकायला लागू नये म्हणून. मी त्यांना इतके दिवस बडबडे समजत होते. बडबडे ते होतेच, पण त्यात एक सभ्यपणा होता. अडचण एवढीच की त्या सभ्यपणाने कॉटेज वाचणार नव्हती.

दुकानाच्या गावात बुधवारी दुपारनंतर सगळी दुकानं बंद असतात. ऑक्टोबरच्या एका बुधवारी मि. हॅलम मि. पॅलिस्टरना घेऊन जुन्या खाणीत गेले. तिथे शंभर यार्डांवर निशाण लावून रायफली तपासायची सोय होती. मेजर आणि ओक्स न बोलावता आले. मी गेले ती चहाचा थर्मास आणि तीन वजनांची खोकी सांभाळायला.

आधी मि. हॅलमनी पॅलिस्टरची रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून झाडली. एकशे ऐंशीच्या पाच गोळ्या. मी जाऊन कागद आणला. पाचही भोकं चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत. म्हातारी रायफल, पण खणखणीत. एकशे ऐंशी तिला मानवत होती.

मग मि. पॅलिस्टर बसले. पाच गोळ्या. मी कागद आणला. भोकं चहाच्या ट्रेएवढ्या जागेत पसरलेली, एक तर कागदाच्या बाहेरच.

सगळे एकदम बोलले.

"दमट हवा," मेजर म्हणाले.

"पिशवी सरकली. मी बघितलं," ओक्स म्हणाले.

"दोनशे पंधराची घालून बघ, पॅलिस्टर," मि. हॅलम म्हणाले.

मि. पॅलिस्टर उठले. "निशाण मीच बदलतो," म्हणाले आणि भोकांचा तो कागद घेऊन चालायला लागले. मी नवा कागद घेऊन मागे गेले, कारण कागद माझ्याकडे होते.

शंभर यार्ड फार नसतात, पण न बोलता चालायला पुरेसे लांब असतात. निशाणापाशी ते थांबले. हातातल्या कागदावरच्या भोकांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मिस, तुम्ही दुकानात रोज बघता. तुम्हाला काय वाटतं? कुठलं वजन?"

मी बोटांनी कागदाची गुंडाळी करत होते. मोठ्यांना अशा गोष्टी सांगायच्या नसतात, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. आणि इंग्लंडात तर कोणालाच सांगायच्या नसतात. मी घाबरले होते. मी घाबरले की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

"माझी आई वर्षभर सुया बदलतेय," मी म्हटलं. "सात नंबर, नऊ नंबर. मुंबईहूनसुद्धा मागवल्या. सगळ्यांची नाकं खराब निघतात."

त्यांनी कागदावरचं बोट उचललं.

"सापडली का तिला चांगली सुई?"

"नाही. शोधतेय अजून."

"आणि चष्मा?"

"आमच्या घरात तो शब्द काढायचा नाही."

मि. पॅलिस्टरच्या खांद्यांना आधी काहीतरी झालं. मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते. आवाज न करता, रानात हसायची सवय असल्यासारखे. "आमच्याही घरात नाही," ते म्हणाले. "एडना म्हणते, वर्तमानपत्रवाले शाई कमी वापरायला लागलेत." मग हसणं थांबलं. "लांबचं दिसतं मला, मिस. रानाच्या त्या टोकाचं हरीण दिसतं, त्याचे कान दिसतात. ही पुढची काडीच दिसत नाही. धूर होतो तिचा."

म्हणजे असं. साध्या रायफलीवर नेम धरायचा तर मागची खाच, पुढची काडी आणि लांबचं हरीण या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. तिघी तीन अंतरांवर. तरुण डोळा या तिघींत भराभर उड्या मारतो. वय झालं की डोळा एकाच ठिकाणी बसून राहतो. रायफलीवर टेलिस्कोप लावला तर हरीण आणि त्यावरची खूण एकाच काचेत दिसते, उड्या माराव्या लागत नाहीत. हे सगळं दुकानात मी शंभरदा ऐकलं होतं, मि. हॅलम तरुण गिऱ्हाइकांना सांगायचे तेव्हा. पॅलिस्टरच्या पिढीतल्या माणसांसमोर टेलिस्कोप काढला की ती म्हणत, आम्ही चंद्र बघायला निघालेलो नाही.

"काच लावली की चालेल," मी म्हटलं. "रायफल चांगली आहे. आणि एकशे ऐंशी तिला आवडते. तेवढी बदलू नका."

मी नवा कागद टोचला. आम्ही परत निघालो. तिघं तिथे उभे राहून आकाशाकडे बघत होते, जणू त्यांना ढगांची आवड होती.

मि. पॅलिस्टरनी टोपी सारखी केली. "हॅलम," ते म्हणाले, "दोनशे पंधरा राहू दे. एकशे ऐंशीच बरी. पण मिस म्हणते, ती गोळी अशी आहे की तिला काच लागते."

मी असं म्हटलं नव्हतं. कुठल्याही गोळीला काच लागत नाही. मी तोंड उघडलं आणि मि. हॅलमकडे बघून मिटलं.

"बरोबर आहे," मि. हॅलम गंभीरपणे म्हणाले. "एकशे ऐंशीला लागते."

"मी कधीचा तेच म्हणतोय," मेजर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मि. हॅलमनी रायफलीला स्क्रूंसाठी भोकं पाडली आणि एक वापरलेला टेलिस्कोप बसवला. पुढचे तीन बुधवार ते दोघं खाणीत गेले. कागदावरची भोकं ट्रेवरून बशीवर आली, बशीवरून कपावर.

नोव्हेंबरातला तो पहिला दिवस शनिवार निघाला. शनिवारी मी फोनही उचलत नाही, त्यामुळे दिवसभर घरात बसून होते. आई दोनदा म्हणाली, "कसली वाट बघतेस?" मी म्हटलं, कसली नाही. सायनागॉगमधून प्रार्थना करून पप्पा आले, जेवणं झाली, आणि मी मनात धुकं, ओली पानं, मि. थॉर्नचे व्यवस्थित बसवलेले केस असलं काहीबाही बघत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, तेल काढणाऱ्यांना सोपं होतं. घाणा बंद म्हणजे बंद.

सोमवारी दार उघडलं तर मि. पॅलिस्टर पायरीवर उभे होते, टोपी हातात.

"दोन," ते म्हणाले. "दोन गोळ्या, दोन माद्या. जागच्या जागी. कुत्र्याला उठावंसुद्धा लागलं नाही, बिचारा नाराज आहे."

"आणि मि. थॉर्न?"

"म्हणाले, वसंतात झाडं लावायचीत, खड्डे कुठे घ्यायचे ते तू ठरव." ते आत येऊन फळीपाशी गेले. "एडनाने सामानाची खोकी बांधायला घेतली होती. मला न सांगता. काल परत सोडली. तिला वाटलं माझ्या लक्षात आलं नाही." मग त्यांनी एकशे ऐंशीचं एक खोकं घेतलं आणि जाता जाता दारात वळले. "तुमच्या आईंना माझा निरोप द्या. म्हणावं, काच काही इतकी वाईट नसते."

निरोप मी दिला. आईने शिवण खाली ठेवलं.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "बंदूक वेगळी, सुई वेगळी."

या गोष्टीचा त्रास पुढे मलाच झाला. मि. पॅलिस्टरनी सगळीकडे सांगितलं असावं. आठवड्याभरात अशी माणसं यायला लागली जी एरवी फक्त शनिवारी येत. आता ती यायची मंगळवारी सकाळी, दुकान रिकामं असताना. आधी बुटांची चौकशी. मग हवेची. मग हळू आवाजात, "ते एकशे ऐंशीचं काय आहे? ऐकलं, तिला काच लागते म्हणे." सगळी साठीच्या आसपासची. पहिल्यांदा मी खरं सांगायला गेले की वजनाचा आणि काचेचा संबंध नाही. तो माणूस इतका लाल झाला की मी पुढे कोणाला काही सांगितलं नाही. काउंटरखालून टेलिस्कोप काढून पुसून समोर ठेवायला शिकले. मि. हॅलमनी जास्तीचे मागवले. मेजरना आम्ही मागच्या दाराने घेतलं. ओक्सचं दुकान आमच्या समोरच असल्याने त्यांना यायला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

नाताळच्या आदल्या आठवड्यात मि. थॉर्न आले. बाहेर बर्फाची भुरभुर होती. दुकानात कोणी नव्हतं तरी त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. फळीवरून काडतुसांचं खोकं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब केला, मग खिडकीच्या उजेडाकडे गेले.

"एकशे ऐंशी आहेत, सर," मी म्हटलं.

"हो, हो. दिसतंय." त्यांनी खोकं परत ठेवलं आणि केसांवरून हात फिरवला. "मिस, तो पॅलिस्टरच्या रायफलीवर बसवलाय तसा टेलिस्कोप... माझ्या एका मित्राला हवा होता."

मी काउंटरखाली वाकले, शेवटचा उरलेला काढला आणि फडक्याने पुसायला लागले.

"हो, सर," मी म्हटलं. "बऱ्याच जणांचे मित्र येऊन गेले."